एकशे तेरा कवड्यांचं कपाट

खालचा ड्रॉवर आत ढकलला की वरचा ड्रॉवर आपोआप बोटभर बाहेर येतो, असं कपाट तुम्ही पाहिलंय का? नसणारच. हल्ली कपाटं बनवत नाहीत, जुळवतात. भुसा चिकटवलेल्या फळ्या, चार स्क्रू, झालं कपाट! मी बनवलेल्या कपाटात हवेलासुद्धा विचारून आत जावं लागतं. ड्रॉवर इतके नेमके बसतात की एक लावला की आतली हवा दबते आणि दुसऱ्याला बाहेर ढकलते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतोय. त्रेचाळीस वर्षं गोदीत जहाजांचं सुतारकाम केलंय, तेवढा हक्क आहे मला. आणि पुढे या गोष्टीत माझं नाक चांगलंच कापलं जाणार आहे, तेव्हा आधी ते किती वर होतं ते तुम्हाला कळायला हवं.

कपाट होतं बायकोच्या कवड्यांसाठी. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. अख्खी गल्ली तिला मास्तरीण म्हणते, मीही म्हणतो. आमची ओळख शाळेतच झाली. तिच्या वर्गाच्या खिडक्या फुगून अडकल्या होत्या आणि मी त्या रंधायला गेलो होतो. तीन दिवसांचं काम मी आठ दिवस पुरवलं. शेवटच्या दिवशी तिला एक कवडी दिली. एका जहाजाच्या आचाऱ्याच्या पेटीचं झाकण दुरुस्त केलं होतं, त्यानं ती मला खुशीनं दिली होती. बदकाच्या अंड्याएवढी मोठी, पांढरट अंगावर तपकिरी ठिपके, पोटाला दातेरी फट. मला वाटलं होतं, ही लाजेल, टेबलावर ठेवेल, अधूनमधून माझी आठवण काढेल.

कसलं काय! तिनं ती तिथल्या तिथे चाळीस पोरांना दाखवली आणि माझ्यासमोर अर्धा तास धडा घेतला. म्हणाली, "मुलांनो, हे एका प्राण्याचं घर आहे. हा प्राणी या फटीतून आपलं मऊ अंग बाहेर काढतो आणि दोन्ही बाजूंनी घरावर शालीसारखं पांघरतो. त्या पांघरुणातूनच ही चकाकी येते. बाकीचे शिंपले वाळूत घासून खरबरीत होतात. कवडी होत नाही, कारण तिचा मालक तिला कधी उघडी टाकत नाही."

मी रंधा हातात धरून उभा. मनात म्हटलं, गड्या, बाई हुशार आहे, आता आपलं काही खरं नाही. तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं.

त्यानंतर गोदीत एकही जहाज असं लागलं नाही की ज्याच्यावर मी कवडी मागितली नाही. खलाशांनाही कळून चुकलं होतं की सुताराला कवडी दिली की केबिनचं दार लवकर दुरुस्त होतं. नखाएवढ्या पिवळ्या, जांभळ्या पोटाच्या, दोऱ्यात ओवायला पाठ कापलेल्या, अशा करत करत एकशे तेरा झाल्या. मास्तरणीला एकेकीची कुंडली पाठ. ही बाजारात नाण्यासारखी चालायची. या फाशांसारख्या टाकून लोक खेळायचे. ही कुणा नवरीच्या कमरपट्ट्यावर शिवलेली होती, हिनं कागद घोटून गुळगुळीत करायचे. लोक फुटकी कवडी देणार नाही म्हणतात ना, आमच्याकडे फुटकी असली तरी तिला डब्यात कापसावर जागा होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायच्या सगळ्या. चाळीस वर्षं राहिल्या.

मग गोदी बंद पडली. म्हणजे माणसं घरी पाठवली आणि फाटकाला कुलूप लावलं. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. खरंच सांगतो, वर्षभर बसलो. कुणाशी बोलायचो नाही. हत्यारांच्या पेटीवर धूळ साचली तरी हात लावायचो नाही. त्याच सुमारास मास्तरणीचे डोळे जायला लागले. नजरेच्या मधोमध धुकं, कडेनं थोडंफार दिसायचं. तिनं त्याचा कधी बाऊ केला नाही. एक दिवस एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या कवड्या डब्यात नुसत्या खडखडतात. हाताला सापडतील असं एखादं कपाट करा ना."

ते कपाट करायला मला चौदा महिने लागले. भंगारात निघालेल्या एका जुन्या जहाजाच्या कप्तानाच्या केबिनमधल्या ओकच्या फळ्या मिळवल्या. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड! बारा ड्रॉवर. प्रत्येक ड्रॉवरमध्ये गोल पटाशीनं खळगे कोरले, एकशे तेरा. प्रत्येक खळगा त्याच्या त्याच्या कवडीच्या मापाचा, म्हणजे नुसता हात फिरवून तिला कळावं कोण कुठे आहे ते. सगळ्यात वरच्या ड्रॉवरमध्ये मधोमध पहिल्या कवडीचा खळगा. त्याला मी सात वेळा घासलं. तिनं सगळ्या कपाटावरून हात फिरवला, एकेका सांध्यावरून. मग म्हणाली, "अहो, सांधा लागतच नाही हो हाताला." मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो. भुसा गेला होता डोळ्यात, असं सांगितलं.

आणि मग बाईसाहेबांनी छळायला सुरुवात केली.

पहिलं म्हणजे ड्रॉवर उघडे टाकायची. मी दुपारी लवंडलो की ही ड्रॉवर उघडणार, आणि मी उठेपर्यंत बाराच्या बारा ड्रॉवर जिभा काढल्यासारखे बाहेर. "अगं, लावून घ्यायला काय होतं? धूळ जाते आत!" तर म्हणे, "राहिलं हो, विसरले." चाळीस पोरांची नावं हजेरीच्या क्रमानं पाठ असणारी बाई विसरणार!

दुसरं, महिन्याभरात म्हणाली, "आत आंबट वास येतो का हो?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तो लाकडाचा वास आहे. खऱ्या लाकडाचा." ती गप्प बसली. मी मात्र गप्प बसलो नाही. धूळ आणि दमट हवा जायला नको म्हणून ड्रॉवरच्या कडांना मेण घासलं, मागून लोकरीची पट्टी लावली आणि आणखी घट्ट केले.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. पहिली कवडी तिच्या जागेवर नव्हती. दोनच महिन्यांत खळगा रिकामा. मी विचारलं, "पहिली कुठे गेली?"

"आहे."

"कुठे आहे?"

"आहे हो. मी कुठे टाकतेय तिला!"

मी काय समजायचं ते समजलो. हरवली. डोळ्यांनी दिसत नाही, कुठेतरी पडली, गडगडत गेली, आणि आता सांगायला जीव होत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. पण उघडा पडलेला वरचा ड्रॉवर लावताना तो रिकामा खळगा दिसायचा आणि मी ड्रॉवर जोरात आत ढकलायचो. चार वर्षं मी तो राग मनात धरून ठेवला. बायकोचे डोळे गेलेत आणि हा बाप्या कवडीवरून गाल फुगवून बसलाय! सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

तिचा वेळ कसा जायचा, तर मोजे रफू करण्यात. माझे मोजे. नवीन मिळतात म्हटलं तर ऐकायची नाही. मोज्यात टणक काहीतरी घालायचं, त्यावर भोक ताणून धरायचं आणि बोटांनी चाचपत सुई चालवायची. त्यासाठी मी तिला लेथवर शिसवीचं अंडं करून दिलं होतं. खिडकीत बसून तासन्‌तास तेच चालायचं. मी म्हणायचो, "डोळे नाहीत तर बोटं तरी शाबूत ठेव." ती म्हणायची, "तुमची टाच शाबूत ठेवतेय ना, मग झालं."

गेल्या महिन्यात एका सकाळी आमची मुलगी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. घरात मी एकटा. म्हटलं, ड्रॉवरना पुन्हा एकदा मेणाचा हात देऊ. आधी आतल्या कवड्या काढायला हव्यात, म्हणून तिसरा ड्रॉवर काढून खिडकीच्या उजेडात नेला.

कवड्यांवर पीठ सांडलं होतं. मला आधी तसंच वाटलं. पांढरं, बारीक, भुरभुरीत. बोटानं पुसलं तर पीठ निघालं, आणि त्याच्यासोबत चकाकीही निघाली. खाली कवडी खडूसारखी, बारीक बारीक खड्डे पडलेली. दुसरी उचलली, तीही तशीच. भराभर सगळे ड्रॉवर काढले. काही थोड्या, काही जास्त, खालच्या ड्रॉवरमधल्या तर पार कामातून गेलेल्या. एकही धड नाही. चार वर्षं मी ते ड्रॉवर चिडून नुसते आत ढकलत होतो, एकही कवडी उचलून उजेडात पाहिली नव्हती. बायकोला जगात हौस म्हणून ही एवढी एकच गोष्ट, आणि ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत सडत होती. ज्याचे डोळे धड आहेत त्याच्या!

कीड असेल, म्हटलं. किंवा दमट हवा. पण माझ्या ड्रॉवरमध्ये दमट हवा शिरेल कुठून? एक कवडी रुमालात गुंडाळली आणि तडक शहरातलं संग्रहालय गाठलं. तिथे शंखशिंपल्यांचा विभाग सांभाळणारा एक तरुण असतो. बारीक अंगकाठी, पातळ रबरी हातमोजे, बोलणं अगदी हळू. त्यानं कवडी घेतली, भिंगाखाली धरली आणि मग चक्क नाकाला लावली.

"काका, ठेवता कशात?"

"कपाटात."

"कसलं लाकूड?"

"ओक," मी छाती काढून म्हटलं. "शंभर वर्षं मुरलेलं."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "ड्रॉवर घट्ट बसतात का?"

"घट्ट? कागद जाणार नाही आत!"

"तेच तर झालंय, काका," तो म्हणाला, आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं. त्यानंतर जे सांगितलं ते ऐकताना स्टूल दिलं हे बरंच झालं. ओकमधून आंबट वाफ निघत राहते. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. कितीही मुरलेलं लाकूड असो, ती थांबत नाही. मोकळ्या हवेत उडून जाते, बंद ड्रॉवरमध्ये कोंडते आणि शिंपल्याला खाते. ड्रॉवर जितका चांगला, तितकं नुकसान जास्त.

मी भडकलो. "म्हणजे मी वाईट काम केलं असतं तर कवड्या वाचल्या असत्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो," तो म्हणाला. बिचारा घाबरला, पण हो म्हणाला.

मग त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. एका बाजूला रंग दिलेल्या पत्र्याची कपाटं, दिसायला कळकट, ड्रॉवर खडखडणारे. कोपऱ्यात एक जुनं ओकचं कपाट होतं. मी त्याचे सांधे पाहिले. काय काम होतं! माझ्यापेक्षा इंचभर सरसच. आत पेन्सिली, दोरे, डिंकाच्या बाटल्या. "आमच्या आधीच्यांनीही हेच केलं होतं," तो म्हणाला. "सगळ्यात आवडते शिंपले त्यांनी सगळ्यात चांगल्या कपाटात ठेवले."

"आता उपाय?"

"पाण्यानं धुवा, खडखडीत वाळवा, मोकळं ठेवा. पुढचं खाणं थांबेल. पण गेलेली चकाकी येणार नाही, काका. ती फक्त आतल्या जिवालाच देता येते."

घरी चालत आलो. वाटेत एक वाईट विचार मनात आला, तोही सांगून टाकतो. बंदरावर कवड्या विकायला असतात. तिला दिसत तर नाही. एकेक करून बदलून टाकल्या तर? दहा पावलं मी त्या विचाराबरोबर चाललोही. मग माझं मलाच हसू आलं. जी बाई बोटांनी मोज्याचे धागे मोजते, तिला हा फसवायला निघालाय!

म्हणजे सांगायलाच हवं होतं. तुझ्या कवड्या मी खाल्ल्या, असं. मी जन्मात तिच्यासाठी केलेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टीनं खाल्ल्या. दार ढकलून आत गेलो.

ती परत आली होती. खिडकीत बसून रफू चाललं होतं. खोलीभर ड्रॉवर पसरलेले, जसे मी टाकून गेलो होतो तसे. म्हणजे ते तिच्या पायाला लागलेच असणार.

"अगं," मी म्हटलं.

"बसा आधी," ती म्हणाली. "संग्रहालयात गेला होतात ना? नाहीतर एकच कवडी घेऊन माणूस दुसरीकडे कुठे जाईल? सातव्या ड्रॉवरमधली डावीकडची तिसरी जागेवर नाही."

"मास्तरीण, त्या सगळ्या—"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? कपाटामुळे—"

"कपाटामुळे झालंय. माहीत आहे हो. पहिल्या महिन्यातच वास आला मला. तीस वर्षं मी पोरांना व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळवून दाखवलंय, मला तो वास कळणार नाही? मग बोटांना खरबरीत लागायला लागलं. म्हणून दुपारी ड्रॉवर उघडे ठेवायचे, तुम्ही झोपलात की. तेवढीच हवा."

मी खालीच बसलो, ड्रॉवरांच्या मधोमध. "चार वर्षं? चार वर्षं तू मूग गिळून बसलीस? एक शब्द बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी डब्यात भरल्या असत्या! तुझ्या जिवाच्या कवड्या, मास्तरीण! कशासाठी?"

तिनं सुई मोज्यात टोचून ठेवली. रागावली की ती हात मोकळे करते.

"कशासाठी म्हणजे? वर्षभर तुम्ही त्या भिंतीकडे तोंड करून बसला होतात, विसरलात? मला दिसत नव्हतं धड, पण तुमची पाठ तेवढी रोज दिसायची. हाक मारली तर ओ नाही. मग कपाट सुरू झालं. पहिल्या दिवशी तुम्ही पटाशीला शिव्या दिल्यात, आणि मी स्वयंपाकघरात रडले, आनंदानं. चौदा महिन्यांनी मला माझा नवरा परत मिळाला, भांडकुदळ होता तसाच. आणि मी काय त्याला जाऊन सांगू, की तुमचं कपाट टाकून द्या? कवड्या काय, त्यांच्या आतले जीव केव्हाच गेले होते. मला आतला जीव हवा होता."

मी बाहीनं डोळे पुसले. या वेळी भुसा गेला असं म्हणायची सोयही नव्हती.

"पण बाकी काही असो," शेवटी मी म्हटलं, "पहिली तरी हरवली नसती तर..."

"हरवली?" ती ताडकन म्हणाली. "कोणी सांगितलं हरवली म्हणून?"

"खळगा रिकामा आहे चार वर्षं!"

"आहेच मुळी रिकामा. वास आला त्याच दिवशी काढली ती. बाकीच्या एकशे बारा काढल्या असत्या तर तुमच्या लक्षात आलं असतं. एक तेवढी काढली." आणि तिनं मांडीवरचा मोजा उलटा केला.

माझा मोजा. करडा, टाचेला भोक पडलेला. त्यातून ती घरंगळत तिच्या तळहातावर आली, बदकाच्या अंड्याएवढी, तपकिरी ठिपक्यांची.

"आणि मी केलेलं शिसवीचं अंडं?"

"त्यात सुई रुतते हो. हिच्यावरून घसरते." मग जरा नरमाईनं म्हणाली, "छान आहे अंडं. पण सुई रुतते."

एकाच दिवसात माझ्या दोन कामांचा निकाल लागला. मी हात पुढे केला आणि तिनं कवडी माझ्या हातात दिली. खरं सांगू? इतक्या वर्षांत मी तिला देऊन मोकळा झालो होतो, पुन्हा कधी हातात घेतलीच नव्हती. ओल्या साबणासारखी गुळगुळीत. पीठ नाही, खड्डा नाही. चार वर्षं ती माझ्याच मोज्यांमध्ये, लोकरीत आणि हिच्या बोटांखाली फिरत होती. मी खिडकीच्या उजेडात धरली तर तिच्यात खिडकी दिसली, आणि खिडकीत बसलेली मास्तरीण.

"कशी आहे?" तिनं विचारलं. "मला आता नीट दिसत नाही."

"वर्गात दाखवली होतीस तशीच," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी बाकीच्या एकशे बारा कवड्या परातीत धुतल्या. मी धुवायचो, ती पुसायची, आणि पुसता पुसता सांगायची, ही नाण्याची, ही नवरीच्या पट्ट्याची. खडबडीत झाल्या होत्या, पण तिला सगळ्या ओळखू आल्या. मुलीनं माळ्यावरून बिस्किटांचे जुने डबे काढून दिले. त्यांच्या झाकणांना मी खिळ्यानं भोकं पाडली. चांगली वाकडीतिकडी, हवा खेळेल अशी.

कपाट तिनं टाकू दिलं नाही. आता त्यात माझे मोजे असतात, बारा ड्रॉवर भरून, आणि त्यांना किंचित आंबट वास येतो. वरच्या ड्रॉवरच्या मधल्या खळग्यात मी शिसवीचं अंडं ठेवलंय. पहिली कवडी मात्र तिच्या हातातच असते. काल मी खिडकीत बसून पटाशीनं एका धडधाकट मोज्याला टाचेशी भोक पाडलं आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. "हे झिजलेलं नाही, हे कापलंय," ती म्हणाली, आणि मोज्यात कवडी घातली.